पाटीवरच्या चुकीचा जाब कोणाला?

‘गती कमी करा, पुढे गतिरोधक आहे.’ रस्त्याकडेच्या या सहा शब्दांच्या सूचनेत मराठी लेखनाचा सगळा गुंता सापडतो. पहिल्या शब्दातला ‘ती’ दीर्घ आहे, पाचव्या शब्दातला ‘ति’ ऱ्हस्व आहे आणि दोन्ही बरोबर आहेत. संस्कृतातून आलेला ‘गति’ हा शब्द मराठीत एकटा आला की त्याची शेवटची वेलांटी दीर्घ होते. तोच समासाच्या पहिल्या पदात बसला की मूळचा ऱ्हस्व इकार कायम राहतो. म्हणून कवी पण कविसंमेलन, गुरू पण गुरुपौर्णिमा, बुद्धी पण बुद्धिबळ. आता ज्या रंगाऱ्याने ‘गतीरोधक’ असे लिहिले, त्याने काय केले? चार शब्द आधी त्याने स्वतःच्या हाताने ‘गती’ लिहिले होते, तेच पुढे चालवले. त्याच्या चुकीमागे एक सरळ तर्क आहे. असे असूनही या पाटीचा फोटो काढून ‘बघा, यांना साधे मराठी येत नाही’ असे म्हणणाऱ्याचा रोख बहुधा त्या रंगाऱ्यावर असतो. पाटीचा मजकूर कोणी ठरवला, कोणी तपासला, कोणी मंजूर केला आणि त्यासाठी पैसे कोणी मोजले, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. सार्वजनिक ठिकाणच्या चुकांबाबत आपले नेमके इथेच चुकते, असे माझे म्हणणे आहे. लेखनातल्या अचूकतेची अपेक्षा लिहिणाऱ्याच्या अधिकाराबरोबर वाढत गेली पाहिजे. प्रत्यक्षात आपण ज्याच्या हाती सर्वांत कमी साधने आहेत त्याला सर्वांत जास्त बोलतो आणि ज्याच्याकडे सगळी साधने आहेत त्याला सोडून देतो.

हा विषय आज अधिक निकडीचा झाला आहे, कारण मराठी पाट्या वाढल्या आहेत. राज्याने 2022 मध्ये दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती करून सर्व दुकानांवर देवनागरी लिपीतला मराठी फलक बंधनकारक केला आणि मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असेही सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या बदलल्या, ही चांगली गोष्ट झाली. मात्र कायद्याचा भर लिपीवर आणि अक्षरांच्या आकारावर आहे. लिहिलेले मराठी कसे आहे, हा प्रश्न मागेच राहिला. दुकानांच्या पाट्यांना चौकाचौकांतल्या फ्लेक्सची जोड मिळाली. ‘अभिष्टचिंतन’, ‘आर्शिवाद’, ‘उज्वल यश’, ‘भावपूर्ण श्रध्दांजली’, ‘क्रिडा महोत्सव’ ही रूपे डोळ्यांना इतकी सवयीची झाली आहेत की ‘अभीष्टचिंतन’, ‘आशीर्वाद’, ‘उज्ज्वल’, ‘श्रद्धांजली’, ‘क्रीडा’ पाहिल्यावर काही जणांना तीच चूक वाटतात. सरकारी आवारही याला अपवाद नाही. ‘ग्रामीण रूग्णालय’, ‘सुचना फलक’, ‘वाहतुक शाखा’, ‘येथे थुंकु नये’ हे फलक सार्वजनिक पैशातून उभे राहतात आणि वर्षानुवर्षे तसेच उभे असतात.

या चुका होतात कशा, हे आधी नीट पाहिले पाहिजे. फ्लेक्सचा मजकूर कार्यकर्ता फोनवर सांगतो किंवा घाईघाईने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. डीटीपी करणारा मुलगा तो मागच्या वर्षीच्या फाइलमध्ये नावे आणि फोटो बदलून बसवतो. जुनी चूक त्याच फाइलमधून नव्या वर्षात येते. संध्याकाळी कार्यक्रम असतो, दुपारी छपाई होते. पूर्वी छापखान्यात खिळे जुळवणारा वेगळा आणि मुद्रिते वाचणारा वेगळा असे. ग्राहकालाही प्रूफ पाहून सही करावी लागे. आजच्या साखळीत मधली तपासणारी व्यक्तीच उरलेली नाही. त्यात यंत्राची भर पडते. ‘प्रसिद्ध’ या शब्दात आधी ‘द्’ आणि मग ‘ध’ उच्चारला जातो. टंकताना क्रम उलटा झाला की ‘प्रसिध्द’ तयार होते आणि पडद्यावर ते फारसे वेगळे दिसतही नाही. ‘दुसऱ्या’, ‘येणाऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ यांतला आडवा र मराठीची खास गरज आहे. त्यासाठी ‘ऱ’ हे वेगळे अक्षर घ्यावे लागते आणि अनेक कळफलकांवर ते चटकन सापडत नाही. मग ‘शेतकर्यांना’ असे, ‘य’वर रफार चढवलेले रूप छापले जाते. ‘रु’ आणि ‘रू’ यांची वळणे तर इतकी जवळची आहेत की लहान अक्षरात भल्याभल्यांना फरक कळत नाही. ‘रूग्णालय’ आणि ‘दुरूस्ती’ या चुकांना त्याचाही हातभार लागतो. ‘आर्शिवाद’मध्ये तर कानाने केलेली धडपडच दिसते. रफार ज्या अक्षरावर काढला जातो त्याच्या आधी उच्चारला जातो. लिहिणाऱ्याला शब्दात कुठेतरी र आहे हे ठाऊक असते. तो नेमका कोणाच्या डोक्यावर द्यायचा, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. मराठी बोलताना इकार-उकाराची लांबी बहुतेक वेळा शब्दातल्या जागेवरून आपोआप ठरते, त्यामुळे नुसत्या कानावर भरवसा ठेवून ऱ्हस्व-दीर्घ लिहिता येत नाही. नियम असा की अकारान्त मराठी शब्दातला उपान्त्य इकार किंवा उकार दीर्घ लिहावा. म्हणून गरीब, वकील, फूल, मूल, वाहतूक, निवडणूक. पण शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असेल तर मुळात असेल तसे लिहावे. म्हणून गुण, विष, दिन, मंदिर, कुसुम. म्हणजे ‘शिक्षक दिन’ बरोबर लिहायचे, तर ‘दिन’ हा शब्द तत्सम आहे हे आधी माहीत हवे. ‘वकील’ आणि ‘गरीब’ यांच्या चालीने कोणी ‘शिक्षक दीन’ लिहिले, तर अर्थच पालटतो. ज्या घरात संस्कृतची ओळख पिढ्यान्‌पिढ्या होती, तिथल्या मुलाला हा फरक न शिकवता उमगतो. जे मूल घरातून पहिल्यांदाच शाळेत गेले, त्याला प्रत्येक शब्द वेगळा पाठ करावा लागतो. तेव्हा सार्वजनिक चुकांकडे पाहून ‘आळस’ किंवा ‘अडाणीपणा’ असा शिक्का मारण्याआधी एवढे मान्य करायला हवे की या नियमांचे ओझे सर्वांच्या खांद्यावर सारखे नाही.

आज ज्याला आपण शुद्ध म्हणतो, तेही कायम शुद्ध नव्हते. एके काळी मराठीत ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’, ‘जें’, ‘तें’, ‘घरांत’ असे लिहिणे हीच सुशिक्षिताची खूण होती. कोणता अनुच्चारित अनुस्वार कुठे द्यायचा, हे शब्दाच्या व्युत्पत्तीवरून आणि व्याकरणावरून ठरे. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाची स्थापना 1961 मध्ये झाली. महामंडळाने तयार केलेले 14 लेखननियम शासनाने 1962 मध्ये स्वीकारले. 1972 मध्ये त्यांत आणखी 4 नियमांची भर पडली आणि आजचे 18 नियम पूर्ण झाले. या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार एका फटक्यात काढून टाकले. त्या वेळीही भाषेचे नुकसान होईल अशी भीती अनेकांनी व्यक्त केली होती. आज ‘नाव’ आणि ‘पाच’ वाचताना कोणाला काही उणे वाटत नाही. यातून दोन गोष्टी कळतात. लेखनाचे नियम हा समाजाने केलेला करार आहे, तो बदलता येतो. आणि करार बदलला तरी तो असावा लागतो. नियम सोपे करण्याची मागणी करणे आणि नियमच नकोत असे म्हणणे यांत मोठे अंतर आहे.

भाषेच्या चुका दाखवणे हे मुद्दा टाळण्याचे साधन कसे बनते, याचे उदाहरण मराठीच्या इतिहासातच आहे. महात्मा जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ 1873 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तीत फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांच्या व्याकरणाची टर उडवली. चिपळूणकरांचे मराठी गद्यावरचे ऋण मोठे आहे, यात शंका नाही. पण फुल्यांनी जातिव्यवस्थेबद्दल, शेतकऱ्याच्या नागवणुकीबद्दल आणि शिक्षणाच्या मक्तेदारीबद्दल उभे केलेले प्रश्न विभक्तिप्रत्ययांची चूक दाखवून सुटणारे नव्हते. आज दीडशे वर्षांनी वाचक त्या प्रश्नांकडे वळतात. त्यांतल्या व्याकरणाची झडती कोणी घेत बसत नाही. उलट, निबंधमालेच्या काळी शुद्ध असलेली लेखनरूपे आजच्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिली, तर त्याचे गुण कापले जातील. लेखनाचा करार काळाप्रमाणे बदलतो, विचाराचे वजन मात्र त्याने ठरत नाही, हे ध्यानात ठेवावे असे हे प्रकरण आहे.

बोलीबद्दलही इथेच स्पष्ट बोलले पाहिजे. ‘पानी’, ‘आनी’, ‘हाय’, ‘मले’, ‘माका’ या चुका नाहीत. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणारा माणूस आपल्या बोलीच्या व्याकरणाप्रमाणे अचूकच बोलत असतो. त्या व्याकरणाचे पुस्तक शाळेत लावलेले नसते, एवढाच फरक. बहिणाबाई चौधरी यांची कविता त्यांच्या निधनानंतर 1952 मध्ये पुस्तकरूपाने आली आणि खानदेशातली बोली किती समर्थ आहे हे महाराष्ट्राला दिसले. ती कविता कोणी ‘शुद्ध’ करायला घेतली असती, तर हाती काहीच उरले नसते. महामंडळाच्या नियमांनीही बोलण्याला वेगळी जागा दिली आहे. एखाद्याचे बोलणे जसेच्या तसे द्यायचे असेल किंवा पात्राच्या तोंडी संवाद घालायचा असेल, तर ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ अशी उच्चारानुसारी रूपे त्यांना मान्य आहेत. म्हणजे ज्यांच्या नावाने लोक दुसऱ्याचे बोलणे दुरुस्त करतात, त्या नियमांची तशी मागणीच नाही. बसमध्ये, बाजारात, सभेत किंवा दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत एखादा शेतकरी आपल्या बोलीत बोलत असताना ‘न’ आणि ‘ण’ यांवरून त्याला हसणे हे भाषाप्रेमाचे काम नव्हे. तिथे दुरुस्त करण्यासारखे काही असेल तर ते ऐकणाऱ्याच्या मनात आहे.

इथे एक आक्षेप अपेक्षित आहे. नियम अवघड आहेत, बदलते आहेत, त्यांचे ओझे असमान आहे आणि बोली निर्दोष आहेत, तर मग पाटीवरच्या वेलांटीची एवढी काळजी कशाला? अर्थ कळला की झाले. हा आक्षेप अर्धा खरा आहे. ‘थुंकु नये’ असे लिहिले तरी थुंकायचे नाही हे कळते. काही जागी मात्र अर्थ खरोखरच बदलतो. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटले तर स्वयंपाकी येतील आणि ‘आचार्यांना बोलवा’ म्हटले तर विद्वान. अशी उदाहरणे मोजकी आहेत, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे, कारण केवळ अर्थाच्या गोंधळावर शुद्धलेखनाची बाजू उभी राहत नाही. ती उभी राहते सारखेपणाच्या उपयोगावर. शब्दाचे रूप ठरलेले असले की वाचणाऱ्याचा डोळा अडखळत नाही. नव्याने वाचायला शिकणारे मूल शाळेच्या वाटेवरच्या पाट्यांतून शब्दांची रूपे मनात साठवते. पुस्तकात एक आणि चौकात दुसरे दिसले की त्याचा गोंधळ होतो. मराठी शिकणाऱ्या परप्रांतीयाला तर शब्दकोशात शब्द सापडणेच अवघड होते. आज जवळजवळ सगळी माहिती शोधून मिळवायची असते आणि संगणक अक्षरे जुळवून शोधतो. ‘महत्त्व’ आणि ‘महत्व’, ‘प्रसिद्ध’ आणि ‘प्रसिध्द’ हे त्याच्या लेखी वेगवेगळे शब्द ठरू शकतात. शासनाचा निर्णय चुकीच्या रूपात टंकला गेला, तर बरोबर शब्द देऊन शोधणाऱ्याला तो मिळेलच याची खात्री नसते.

या चुकीची सर्वांत जड किंमत सामान्य माणूस कागदपत्रांत मोजतो. शाळेच्या दाखल्यावर ‘दीपक’, आधार कार्डावर ‘दिपक’, सातबाऱ्यावर तिसरेच काहीतरी. नावातली एक वेलांटी किंवा आडनावातला एक अनुस्वार जुळला नाही, की पीककर्ज, वारसनोंद, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती यांपैकी कोणतेही काम अडू शकते. चूक टंकणाऱ्याच्या हातून झालेली असते. प्रतिज्ञापत्र करण्याचा, राजपत्रात नावबदल छापून घेण्याचा आणि चकरा मारण्याचा भार नागरिकावर पडतो. जमिनीच्या नोंदीत असे झाले तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 मध्ये लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद आहे. अशी तरतूद कायद्यालाच करावी लागली, यावरून अक्षराची चूक ही किरकोळ बाब नाही हे उघड होते. नावाच्या बाबतीत एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. नाव ज्याचे त्याचे असते. कोणी आपले नाव ‘निलेश’ असे लिहीत असेल, तर व्याकरण सांगून ते ‘नीलेश’ करण्याचा अधिकार ना शेजाऱ्याला आहे, ना कारकुनाला. कार्यालयाचे काम इतकेच की माणूस जसे लिहितो तसे आणि सगळीकडे एकसारखे उतरवून घ्यावे.

तेव्हा कोणाकडून किती अपेक्षा ठेवायची, याची एक उतरंड मनाशी पक्की करणे गरजेचे आहे. शासन, पालिका, न्यायालये, विद्यापीठे, पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रे, वाहिन्या आणि मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती यांना सूट देण्याचे कारण नाही. त्यांच्याकडे पैसा आहे, माणसे आहेत आणि त्यांचा शब्द लाखो लोकांपुढे जातो. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम 1964 सालचा. भाषा संचालनालय 1960 पासून काम करते आहे, राज्य मराठी विकास संस्था 1992 मध्ये स्थापन झाली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही दिला. एवढे सगळे पाठीशी असताना रुग्णालयाच्या प्रवेशद्वारावर ‘रूग्णालय’ लिहिलेले असेल, तर ती क्षमा करण्याजोगी घाई नव्हे, जबाबदारीतली कसूर आहे. दुसऱ्या पायरीवर दुकानदार, गणेश मंडळे, पतसंस्था, फ्लेक्स छापणारे येतात. त्यांना सांगावे, मदत करावी, पण तोंड सुटू देऊ नये. तिसऱ्या पायरीवर स्वतःपुरते लिहिणारा आणि बोलणारा माणूस येतो. भाजीच्या गाडीवर खडूने भाव लिहिणारी बाई, आयुष्यात पहिल्यांदाच मराठीत अर्ज लिहिणारा मजूर, मनातले दुःख चार ओळींत मांडणारा तरुण यांनी विचारल्याखेरीज त्यांची चूक दाखवू नये. ते लिहीत आहेत, हीच मराठीची कमाई आहे.

जाहिराती आणि वाहिन्यांबद्दल थोडे अधिक बोलणे भाग आहे, कारण तिथल्या चुका वेलांटीपुरत्या नाहीत. देशभर चालणाऱ्या जाहिराती बहुधा हिंदीत रचल्या जातात आणि मग मराठीत ओढल्या जातात. ‘मला मदत करा’ याऐवजी ‘माझी मदत करा’, ‘पुष्कळ पर्याय’ऐवजी ‘खूप सारे पर्याय’, ‘तिला म्हणालो’ऐवजी ‘तिला बोललो’ ही वाक्ये त्यातून घरोघर पोचतात. यावर कोणी म्हणेल की बोलीतले वेगळेपण चालते, तर हिंदीच्या वळणाचे का चालू नये? भाषा शेजारून घेतच आली आहे. फारसी, अरबी, पोर्तुगीज, कन्नड, इंग्रजी शब्दांनी मराठी संपन्न झाली आहे. हे पूर्ण मान्य. एखाद्या वस्तीतल्या लोकांच्या रोजच्या व्यवहारातून असे वळण रुजले असेल, तर त्यांना दोष देण्याचे कारण नाही आणि उद्या ते प्रमाणही ठरू शकेल. पण लोकांच्या बोलण्यातून झालेला बदल वेगळा आणि मराठी जाणणाऱ्या माणसाला दोन तासांचे काम न देता भाषांतर उरकल्याने झालेला बदल वेगळा. पहिल्यात भाषा बोलणाऱ्यांचा सहभाग असतो. दुसऱ्यात ग्राहकाला त्याची भाषा नीट देण्याची गरज वाटलेली नसते. म्हणून अशा जाहिरातीविरुद्ध कंपनीला पत्र लिहिणे, तक्रार करणे, जाहीरपणे बोलणे योग्यच आहे.

आणखी एक आक्षेप कडक शिस्तीच्या बाजूने येतो. चारचौघांत लाज वाटल्याशिवाय माणूस सुधारत नाही. चूक दिसली की तिथल्या तिथे टोकलेच पाहिजे, नाहीतर मराठी बुडेल. या म्हणण्यामागची तळमळ खरी आहे, उपाय मात्र उलटा पडणारा आहे. हसे झालेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. तो नियम शिकू शकतो किंवा मराठीत लिहिणे सोडू शकतो. दुसरी वाट फार सोपी आहे, कारण हाताशी रोमन अक्षरे आहेत आणि इंग्रजी पाटीवर चूक झाली तरी मराठी माणसे तिच्याकडे इतक्या बारकाईने पाहत नाहीत. दुकानदाराला मराठी पाटी लावल्याबद्दल चेष्टाच वाट्याला येणार असेल, तर तो कायद्यापुरते अक्षर लावेल आणि बाकीचा सगळा मजकूर इंग्रजीत ठेवील. शिवाय चेष्टेतून नियम कळत नाही. ‘महत्व’ पाहून हसणारे अनेक जण दोन त का, हे सांगू शकत नाहीत. हे सांगायला एक मिनिट पुरते. ‘महत्’ला ‘त्व’ जोडले, एक त मूळ शब्दाचा आणि एक प्रत्ययाचा. तसेच ‘तत्त्व’ आणि ‘सत्त्व’. ‘नेतृत्व’ आणि ‘कर्तृत्व’ यांत मूळ शब्दाच्या शेवटी त् नाही, म्हणून तिथे एकच त. ‘अभीष्ट’ म्हणजे अभि अधिक इष्ट, दोन इकार मिळून दीर्घ झाला. ‘उज्ज्वल’ म्हणजे उत् अधिक ज्वल. कारण कळलेला शब्द माणूस पुन्हा चुकत नाही.

सांगण्याचीही एक रीत आहे. आधी स्वतःची खात्री करून घ्यावी. मो. रा. वाळंबे, यास्मिन शेख, अरुण फडके यांनी सामान्य माणसाला वापरता येतील अशी पुस्तके आणि कोश तयार केले आहेत. फडक्यांची तर खिशात मावणारी पुस्तिकाही आहे. चुकीचे समजून बरोबर शब्द ‘दुरुस्त’ करणाऱ्यांची संख्या कमी नाही. खात्री झाली की एकांतात, शक्यतो छपाईच्या आधी सांगावे. फ्लेक्स टांगून झाल्यावर सांगितल्याने छापणाऱ्याचे पैसे बुडतात आणि मन दुखावते. बरोबर रूप कागदावर लिहून द्यावे, कारण ऱ्हस्व-दीर्घ फोनवर सांगून पोचत नाही. एका वेळी सगळा मजकूर रक्ताळून टाकू नये. ठळक अक्षरातली एक चूक सुधारली तरी पुष्कळ झाले. फ्लेक्सच्या दुकानात नेहमी लागणारे तीस-चाळीस शब्द बरोबर लिहून भिंतीवर लावले, तर त्या भागातल्या निम्म्याहून अधिक चुका सहज टळतील, कारण वाढदिवस, नेमणूक, उत्सव आणि श्रद्धांजली यांचे मजकूर तेच ते असतात. गावातल्या शिक्षकांनी आणि वाचनालयांनी हे काम एका दुपारी करून द्यावे.

संस्थांनी काय करावे, हे याहून सोपे आहे, कारण तिथे फक्त पद्धत बसवायची आहे. फलकाच्या कामाच्या निविदेत मजकूर तपासणीची अट घालावी. अंतिम प्रूफवर जबाबदार अधिकाऱ्याची सही असल्याशिवाय देयक मंजूर करू नये. चूक कळवण्यासाठी नागरिकाला एक ठरलेली जागा आणि उत्तराची ठरलेली मुदत मिळावी. संकेतस्थळांवरच्या आणि अर्जांच्या नमुन्यांतल्या चुका विनाखर्च सुधारता येतात, त्या आधी सुधाराव्यात. नियम 1962 आणि 1972 मध्ये ठरले. त्याला आता अर्धशतक उलटून गेले आहे. तत्सम शब्दांचे अपवाद कमी करून ऱ्हस्व-दीर्घ सोपे करता येईल का, यावर साहित्य महामंडळाने आणि शासनाने शिक्षक, मुद्रितशोधक, बोलींचे अभ्यासक आणि संगणकतज्ज्ञ यांना एकत्र बसवून विचार करायला हवा. तोवर आहे तो करार पाळावा आणि त्याचे पहिले बंधन करार मंजूर करणाऱ्या शासनावर असावे.

वाचकांना विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी चुकीची पाटी दिसली की ती कोणाची आहे हे आधी पाहा. पाटी कार्यालयाची, पालिकेची, कंपनीची असेल, तर फोटो काढा, बरोबर रूप लिहा आणि संबंधित विभागाकडे लेखी तक्रार करा. उत्तर आले नाही तर पुन्हा करा. पाटी दुकानदाराची किंवा मंडळाची असेल, तर आत जाऊन दोन मिनिटे आपुलकीने बोला. आणि लिहिणारा स्वतःच्या बळावर, स्वतःपुरते लिहिणारा साधा माणूस असेल, तर त्याने काय लिहिले आहे ते वाचा.